चार मेगावॅट

...त्या छोट्याशा तबकडीवर हिमाचा पापुद्रा बसला होता आणि त्याच्याखालचा काटा सरकतोय की गोठून बसलाय हेच साइलाला कळेना. हातमोजा काढून तिने अंगठ्याच्या नखाने पापुद्रा खरवडला — तेवढ्याने नख बधिर झालं — काटा सरकला होता, दोन तास पुरे झाले होते, म्हणजे इंजिन गरम असणार. खांबावरचं हे घड्याळ, त्यातून निघून इंजिन तापवायला गाडीच्या पोटात शिरलेली वायर, सहाशे वॅट. वाहनतळावर असे बावीस खांब होते आणि त्यातल्या सतरांना वायरी लोंबत होत्या. सतरा गुणिले सहाशे... तिने स्वतःला आवरलं. गेली तीन वर्षं हेच चाललं होतं. कुठेही नजर गेली की वस्तूच्या आधी तिचे वॅट दिसायचे. भाचीच्या लग्नात चर्चच्या बाकांखालच्या हीटरच्या पट्ट्या मोजता मोजता नवरीने शपथ कधी घेतली ते ऐकायचंच राहून गेलं होतं.

उणे एकतीस. शनिवार, दुपारचे दोन, आणि सूर्य तळ्यापलीकडच्या झाडांवर टेकून आता निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा घुटमळत होता. अशी थंडी हाल्कोस्की गावात शेवटची पडली तेव्हा साइला चाळिशीत होती. हवेत ओल उरली नव्हती, आवाज उरला नव्हता. नाकपुड्या आतून चिकटत होत्या. गावाच्या टोकाला बॉयलरघराच्या धुराड्यातून धूर निघत होता आणि तो कुठेही न वळता, न विरता, सरळ वर चालला होता, इतका उंच की मान मोडून पाहावं लागावं. साइला पाहत राहिली. वीज कंपनीची अभियंता म्हणून ती लिहीत असलेल्या अहवालाने ज्याचा निकाल लागायचा होता, ते हेच धुराडं. आणि आज, का कोण जाणे, त्याच्यासमोर उभं राहून तिला छोटं, फार छोटं वाटत होतं.

नऊ हजार माणसं. दलदलीतून कापून आणलेलं, वाळवलेलं काळं पीट त्या बॉयलरमध्ये जळतं, पाणी तापतं, जमिनीखालच्या नळांतून घराघरांत जातं — चाळीस वर्षं असंच चालत आलंय. आता ते बंद करायचं; तळ्याच्या तळाशी हिवाळ्यातही असते ती चार अंशांची ऊब मोठ्या हीट पंपांनी उपसायची, तेलाच्या भट्ट्या काढून घरोघरी लहान हीट पंप बसवायचे, आणि सगळा भार तळ्यावरून येणाऱ्या एकुलत्या एका वीजवाहिनीवर टाकायचा. वाहिनीची ताकद चाळीस मेगावॅट. साइलाच्या गणिताप्रमाणे उणे बत्तीस अंशांच्या शनिवारी संध्याकाळी गावाला लागणार होते चव्वेचाळीस. चार कमी. सोमवारी नगरसभेत ती हा आकडा वाचणार आणि मग बॉयलरघर आणखी पंधरा वर्षं चालणार, त्याच्यासाठी रिंपी दलदलीचा नवा पट्टा कापला जाणार — हजारो वर्षं साचत आलेली ती काळी ओल, तिच्यावर वसंतात उतरणारे क्रौंच — पंधरा वर्षांत धूर होऊन सरळ वर. चार या आकड्यापायी. आणि चार खोटा ठरवून बॉयलरघर बंद केलं, आणि मग तो खराच निघाला, तर अशाच एका शनिवारी वाहिनी माघार घेणार, सहा तासांत घरातलं पाणी गोठणार, बारा तासांत नळ फुटणार... पाळण्यांत, रुग्णखाटांवर कोण कोण असेल याचा विचार तिने कधीच पूर्ण केला नव्हता. तिथवर पोचली की ती पुन्हा आकड्यांकडे वळायची.

गाडी सुरू केली तोच फोन वाजला. बॉयलरघराचा प्रमुख, ताउनो. सव्वीस वर्षं त्या भट्टीला तो चारा घालत आलाय आणि दर हिवाळ्यात त्याच्या भुवया थोड्या कमी होतात असं लोक म्हणतात.

"पाहिलास माझा धूर?" तो म्हणाला.

"पाहिला."

"सरळ आहे ना? एवढा सरळ माझा भाऊसुद्धा नाही." मग, "चारच कमी पडतायत ना अजून?"

"आज प्रत्यक्ष मोजतेय. काताया गल्लीत मीटर लावलाय."

"मोज की. थंडी कुणाच्या मोजण्याने कमी होत नाही, साइला. मी इथे उभा आहे, माझे हात काळे आहेत, आणि गाव गरम आहे. एवढंच मला कळतं." त्याने फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला बोचलं. रागावला असता तर भांडता आलं असतं.

काताया गल्ली म्हणजे टेकडीच्या उतारावरची अठरा बैठी घरं, ऐंशीच्या दशकातली, फरशीखाली विजेच्या तारा घालून तापवलेली. पुढे सगळं गाव असं होणार, म्हणून हीच गल्ली तिने नमुना म्हणून निवडली होती. आकडा रचण्याची तिची रीत सरळ होती: थंडी जितकी जास्त तितकी घर तापवायची वीज जास्त, त्यावर शनिवारचा सॉना, म्हणजे विजेच्या शेगडीवर तापणारं वाफेचं न्हाणीघर, त्यावर स्वयंपाक, दिवे वगैरे. तीन रकाने, खाली बेरीज. गेले दहा-बारा हिवाळे मऊ गेले होते, त्यांच्या नोंदींवरून तिने रेघ ओढत ओढत उणे बत्तीसपर्यंत नेली होती. रेघ तिथे पोचली होती. मीटर घेऊन साइला आज पहिल्यांदाच पोचत होती.

गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मरची हिरवी पेटी होती. तिच्यापाशी उभं राहून तिने लॅपटॉप उघडला, मीटरशी जोडला, आणि सहा मिनिटांत त्याची बॅटरी थंडीने मान टाकून बसली. फोनही त्याच्या मागोमाग गेला. ती नुसतीच उभी राहिली, पेटीची मंद घूं ऐकत. त्या घूंमध्ये अठरा घरं होती... अठरा घरांचं कोमट दूध, ओले मोजे, झोपलेली मांजरं. कितीदा पाहिलंय मी असल्या पेट्यांकडे, पण कान कधी लावला होता?

"मेलीस तर बर्फात खड्डा खणता येणार नाही," मागून आवाज आला. "एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. आत ये."

समोरच्या घराच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता, अंगात नुसता लोकरी स्वेटर, दारावर नावाची पाटी. विल्हो. अर्ध्या गावाच्या वायरिंगच्या नकाशांखाली त्याची सही होती. साइला ती सही तीस वर्षं पाहत आली होती, माणूस आज पाहत होती.

दाराशी तिने बूट काढले. स्वयंपाकघरात त्याने काही न विचारता कॉफी ठेवली, वेलदोड्याचा पाव कापला, आणि लॅपटॉपची वायर स्वतःच भिंतीत खुपसली. पडद्यावर गल्लीची रेषा उमटली. एकशे तीस किलोवॅट, जवळपास सपाट. फरशी मोज्यांतून ऊब देत होती आणि साइलाला एकदम झोप आली, लहानपणी यायची तशी, परक्या घरात यायची तशी.

"काय शोधतेस?" त्याने विचारलं.

"शनिवार संध्याकाळ," ती म्हणाली. "सगळ्यांचे सॉना एकदम सुरू झाले की किती चढतं ते."

विल्होने हुं केलं. या भागात हुं म्हणजे बरंच काही असतं, आणि ते काय ते विचारायचं नसतं.

चारला पाच कमी असताना तो उठला, पॅसेजमध्ये गेला, आणि सॉनाची कळ किर्र करून फिरवल्याचा आवाज आला. साइला पडद्यावर डोळे लावून बसली. शेगडी आठ किलोवॅटची. रेषेने आठने उडी मारायला हवी होती. ती दोनने चढली. मग पुन्हा दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन: चारच्या सुमाराला गल्लीत चार घरांनी कळ फिरवली होती, बत्तीस चढायला हवे होते, चढले आठ. मीटर बिघडला. थंडीने बिघडणारच. तिने जोडणी काढली, घातली, पुन्हा काढली. नोंदी उलट्या तपासल्या. मीटर ठीक होता. मग चोवीस किलोवॅट गेले कुठे? एवढी वीज हवेत विरत नाही, बर्फात मुरत नाही. हिशेब लागलाच पाहिजे. बाहेर अंधार पडला, खिडक्या पिवळ्या झाल्या. ती पडद्यापुढे वाकून बसली होती, पाय खुर्चीखाली, पाव तसाच.

आणि मग तळपायांना गार लागलं.

आधी नकळत. तिने एक पाय दुसऱ्यावर ठेवला. मग दोन्ही उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवले — आणि तिथेच थांबली, कारण हे असं पाय वर घेणं तिने यापूर्वी केलं होतं, शेकडो वेळा केलं होतं, तिच्या शरीराला ते पाठ होतं... सात वर्षांची साइला, शनिवार, ओट्याशी आई मासे साफ करतेय, आणि न बघताच म्हणतेय, "सॉना लावलाय, मोजे घाल, फरशी गार पडेल." दर शनिवारी. सॉना तापायला लागला की फरशी गार पडायची, सॉना विझला की हळूहळू परत ऊब यायची. पाऊस पडला की अंगण ओलं होतं तितकं ते साधं होतं, त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. मीही तसल्याच घरातली. मला माहीत होतं. शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तीन वर्षं मी एका रकान्यात घर लिहिलं, एका रकान्यात सॉना, आणि खाली बेरीज केली.

"फरशी बंद होते," ती म्हणाली. आवाज तिचाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. "सॉना लागला की."

"होणारच," विल्हो म्हणाला. "रिले आहे ना, सॉना लागला की फरशी तोडतो. मीच घातलाय सगळीकडे."

"का?"

"फ्यूज लहान होते. दोन्ही एकदम लावलं की उडायचे. मोठा फ्यूज घ्यायचा तर महिन्याचा आकार मोठा. कोण भरणार?" त्याने खांदे उडवले. "सॉनाला नाही म्हणता येत नाही. मग घरानेच थोडं थांबावं."

घरानेच थोडं थांबावं. साइलाने कागद ओढला. विजेवर तापणारी, सॉना लावून बसलेली घरं, शनिवारच्या एका वेळी सगळ्या गावात, तिच्याच तक्त्याप्रमाणे, सातशे. प्रत्येक घर त्या वेळी हात आखडता घेतं तो सुमारे सहा किलोवॅटने. सातशे गुणिले सहा. चार पूर्णांक दोन मेगावॅट. मऊ हिवाळ्यांत फरशीला थांबायला फारसं काही नसायचंच, म्हणून नोंदींत ते कधी दिसलं नाही. थंडी वाढली की थांबणंही वाढणार होतं, आणि तिची रेघ त्याच्यावरून सरळ वर निघून गेली होती. सबंध गाव, एकही शब्द न बोलता, ठाऊकही नसताना, चाळीस वर्षं दर शनिवारी एकमेकांना वाट देत आलं होतं. तिला हसू आलं. चिक्कूपणातून निघालेली ही गोष्ट — आणि तिच्यापुढे डोकं टेकवावंसं वाटत होतं.

पण तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. सॉना विझल्यावर काय? गार पडलेल्या सगळ्या फरशा एकदम परत मागणार. सातशे भुकेली घरं, एकाच वेळी. ती लाट चव्वेचाळीसच्याही वर जाईल. आणि नवे हीट पंप... त्यांना हा रिले कुणी जोडतच नाही. ते दोन्ही एकदम ओढतील. एक तार, अर्ध्या तासाचं काम, पण कुणीतरी करायला हवं. ती पुन्हा पडद्याकडे वळली. पाच वाजत आले होते.

विल्हो आंघोळ करून आला तेव्हा पंचा गुंडाळून सरळ बाहेरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. खिडकीतून साइलाला तो पाठमोरा दिसला, सत्त्याऐंशी वर्षांचा उघडा म्हातारा, उणे एकतीसमध्ये वाफाळत. पलीकडच्या पायरीवर आणखी एक जण वाफाळत होता, त्याच्या पलीकडे एक बाई आणि दोन मुलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वाफ त्यांच्या खांद्यांवरून निघून सरळ वर जात होती. असल्या काळ्या, मेलेल्या हवेत माणसाने इतकं ऊन असावं...

तो आत आला, कळ बंद केली. ती वाट पाहत होती त्या लाटेची. रेषा हलली, आणि पुन्हा सपाट झाली. चार घरांच्या फरशा परतल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या घरांच्या फरशा थांबल्या होत्या.

"एकदम का लावत नाहीत सगळे?" तिने विचारलं. "चार-चारच का?"

"वेळा ठरल्यात." विल्हो मोजे चढवत होता. "शहाऐंशीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकदम लावला. पेटी उडाली. हॅम अर्धवट शिजलेले, पोरं रडतायत, आणि ज्याने वायरिंग केलं तो मी. दुसऱ्या दिवशी बायकांनी बसून वेळा लावल्या. लेकुरवाळ्यांना आणि आम्हाला चार, मग पाच, सहा, असं. लिहिलं नाही कुणी."

"पण ती पेटी बदलली आम्ही. शहाण्णवला. दुप्पट मोठी दिलीय."

"हो का?" तो म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. साइलाला ठरवता येईना.

तारेत आहे तेवढं मांडता येतं. त्याला रकाना देता येतो, सही करता येते. पण हे? सोमवारी नगरसभेत उभं राहून काय म्हणायचं — वाहिनी पुरेल, कारण शहाऐंशीच्या नाताळनंतर बायका बसल्या होत्या? नव्या वस्तीत कोण बसलंय? तिथे शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. आणि ताउनोचा धूर मात्र सगळ्यांना दिसतो, तो सरळ आहे, त्याच्यावर भरवसा ठेवायला कुणाला ओळखावं लागत नाही. तिच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर वाक्य होतं: सर्वांनी एकाच वेळी मागणी केली असता. तिच्या सगळ्या धंद्याचा पाया तोच. माणसं एकदम मागतात, सगळी मागतात, कुणी कुणासाठी थांबत नाही... आणि मी त्याला सुरक्षितता म्हणत आले.

पडद्यावर काहीतरी खटकत होतं. चारला चार पायऱ्या चढल्या होत्या. पाचला तीनच. रेषा मघापेक्षा दोन किलोवॅटने खाली बसली होती, आणि तशीच बसून होती. पाच वाजून अठरा मिनिटं झाली.

"पाचला तीनच घरं?"

विल्होने पडद्याकडे पाहिलं नाही. त्याने खिडकीतून, रस्त्यापलीकडच्या एका घराकडे पाहिलं. त्याच्या पायरीवरचा बर्फ कुणीतरी आजच झाडलेला होता. खिडक्या अंधारात होत्या.

"चौथी वेळ ऐलीची."

"लावला नाही आज?"

"ऑक्टोबरात गेली ती."

साइलाने त्या अंधाऱ्या खिडक्यांकडे पाहिलं. मग तिच्यातली हिशेबनीस बोललीच. "मग पाचची वेळ आता... मागे कुणी सहाला असेल, सातला, त्यांना उशीर होत असेल. कुणी घेतली नाही?"

विल्होने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाने टेबलावरून दुसऱ्याच्या बशीला हात घातला की बघतात तसं.

"ती ऐलीची आहे," तो म्हणाला, आणि कॉफी ओतायला उठला.

तिने रेषेकडे पाहिलं. दोन किलोवॅट. मीटरच्या चुकीत मावतील एवढे. अहवालात कुणी त्यांच्यासाठी तळटीपसुद्धा लिहिणार नाही. सतरा घरं उणे एकतीसच्या थंडीत एका बाईची जागा धरून बसली होती, जिला आता ऊब लागणार नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच साइलाने एखादा आकडा पाहिला आणि त्याचा गुणाकार केला नाही. तिला भीती वाटत होती, सोमवारची, तळ्यावरच्या त्या एकट्या वाहिनीची, नऊ हजार माणसांची. ती भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी आता काहीतरी येऊन बसलं होतं, भीतीपेक्षा कितीतरी मोठं, आणि त्याला नाव द्यायला ती धजेना.

विल्होने कप पुढे ठेवला. सहा वाजायला अजून एकेचाळीस मिनिटं होती. मोजायचं सगळं मोजून झालं होतं, थांबायचं काही कारण नव्हतं. तरी ती हलली नाही. खाली बसलेल्या त्या रेषेकडे डोळे लावून, ऐलीच्या वेळेला कुणी कळ फिरवतंय का हे बघत, आणि कुणी फिरवू नये असं अगदी मनापासून वाटत, ती बसून राहिली.